आंबोण : धानाच्या मुलखातल्या गायीचा हिशेब

दिवाळीच्या आसपास नागभीडच्या शिवारात हलके धान कापणीला आलेले असते आणि भारी धान अजून बांधीत उभे असते. बलिप्रतिपदेला गावोगाव गायगोधन होते. गायी रंगवल्या जातात, ओवाळल्या जातात, त्यांच्यापुढे घरातले चांगलेचुंगले ठेवले जाते. दुसऱ्या दिवसापासून गायीपुढे पुन्हा तणस येते, म्हणजे धान मळून झाल्यावर उरलेले वाळलेले काड. पुढचे सात-आठ महिने तिचे मुख्य अन्न तेच.

पशुसंवर्धन खात्याच्या नोकरीत मी नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या पट्ट्यात बरीच वर्षे फिरलो. या काळात मला सर्वाधिक वेळा विचारला गेलेला प्रश्न कोणत्याही रोगाविषयीचा नव्हता. ‘डॉक्टरसाहेब, गाय पोटभर खाते, मग दूध का देत नाही?’ हा तो प्रश्न. त्याचे उत्तर थोडक्यात असे, की पोट भरणे आणि पोषण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्यातली दरी मुख्यतः प्रथिनांची आहे. ही दरी महागडी ढेप विकत न घेता, आंबवलेल्या वनस्पतिजन्य अवशेषांतून भरता येईल का, याचा शोध जगभर चालू आहे. बिअरच्या कारखान्यातला चोथा, इथेनॉलच्या कारखान्यातला गाळ, यीस्ट घालून आंबवलेला कोंडा, युरिया घालून मुरवलेले काड असे त्याचे अनेक अवतार आहेत. त्यांतले आमच्या धानपट्ट्यातल्या गोठ्याच्या कामाचे काय, आणि ते कोणाच्या हाती लागते, हे पाहण्यासाठी हा लेख.

रान बंद झाले तेव्हा

या भागातली मूळची गाय लहान चणीची, काटक. तिच्यातल्या कठाणी या प्रकाराला अलीकडच्या काळात राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली आहे. चिखलणीला उपयोगी पडणारे बैल देणे हे तिचे मुख्य काम. दूध हा वासराचे भागून उरलेला जोडहिशेब. तिला कोणी फारसे विकत घेऊन घातले नाही, कारण गरज पडली नाही. गायकी सकाळी गावची ढोरे घेऊन रानात जात असे. पावसाळ्यातले कोवळे गवत, झुडपांचा पाला, शेंगा यांत प्रथिनांचे प्रमाण तणसाच्या दुप्पट-तिप्पट असते. गाय रोज स्वतःच्या पायांनी जंगलात जाऊन आपली प्रथिने घेऊन येत होती, असे म्हटले तरी चालेल.

आता ते तितके सोपे राहिलेले नाही. नागभीड तालुका ब्रह्मपुरी वनविभागात येतो. राखीव व्याघ्रप्रकल्पाच्या बाहेर वाघांची एवढी दाटी असलेले प्रदेश देशात फार थोडे आहेत. तालुक्यातल्या घोडाझरीच्या जंगलाला २०१८ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. गुरे चारताना, सरपण आणताना, मोह वेचताना माणसे मारली जातात; गुरे तर नेहमीच. गायकी मिळेनासे झाले आहेत आणि ज्या घरात एखादी संकरित गाय आली, तिथे ती रानात पाठवायचा प्रश्नच नाही. गाय दावणीला बांधली गेली. तणस तिथेच होते. रानातून येणारी प्रथिने मात्र थांबली. त्यांची भरपाई आता पैसे देऊन करावी लागते. आमच्याकडच्या दूधधंद्याची अडचण इथून सुरू होते.

गायीच्या पोटातली भट्टी

गायीला गवत पचत नाही, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. पचवतात ते तिच्या पोटात राहणारे सूक्ष्मजीव. गायीच्या पोटाचे चार कप्पे. त्यांतला सर्वांत मोठा तो कोटीपोट. मोठ्या गायीत त्याची क्षमता १०० लिटरच्या पुढे जाते. आत हवा नाही, तापमान ३९ अंशांच्या आसपास, आणि जीवाणू, आदिजीव व बुरशी यांची अफाट वस्ती. गाय चारा गिळते, रवंथ करून बारीक करते आणि या वस्तीला पुरवते. वस्ती तो चारा आंबवते. त्यातून निघणाऱ्या आम्लांवर गाय जगते. पुढे हे सूक्ष्मजीव स्वतःच खालच्या कप्प्यांत वाहत जातात आणि तिथे पचतात. गायीला मिळणाऱ्या प्रथिनांपैकी सर्वसाधारणपणे निम्म्याहून अधिक प्रथिने अशी या सूक्ष्मजीवांच्या देहांतून येतात.

प्रथिन म्हणजे प्रामुख्याने नत्राचा प्रश्न. माणसाला किंवा कोंबडीला तयार प्रथिन खावे लागते. कोटीपोटातले जीवाणू मात्र साध्या अमोनियापासून ते घडवू शकतात. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ आर्तुरी विर्तानेन यांनी हे टोकाला नेऊन दाखवले. हिरवा चारा आम्लात टिकवण्याच्या पद्धतीसाठी त्यांना १९४५ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. पुढे १९६० च्या दशकात त्यांनी काही गायींच्या आहारातून प्रथिन जवळजवळ पूर्ण काढून टाकले. नत्र दिला तो युरिया आणि अमोनियाच्या क्षारांच्या रूपात. त्या गायी व्यायल्या आणि त्यांनी दूधही दिले. तो प्रयोगशाळेतला खटाटोप होता, शेतकऱ्याने तसे करावे असे कोणी म्हटले नाही. पण गायीच्या पोटातली भट्टी काय करू शकते, याबद्दलची शंका त्याने मिटवली.

या भट्टीला किमान इंधन मात्र लागते. एकूण आहारात कच्च्या प्रथिनांचे प्रमाण ७ टक्क्यांच्या खाली गेले, की सूक्ष्मजीवांची वाढ मंदावते, चारा पोटात जास्त वेळ पडून राहतो आणि गाय कमी खाऊ लागते. धानाच्या तणसात ते प्रमाण ३ ते ४ टक्केच असते. शिवाय त्यात सिलिका भरपूर, आणि लिग्निनच्या वेष्टणामुळे आतली साखळीबद्ध शर्करा सहज मोकळी होत नाही. म्हणून तणसावरची गाय पोट फुगलेले असूनही उपाशी असते.

आंबणे, सडणे, कुजणे

आपल्या भाषेने या बाबतीत बारकाई दाखवली आहे. पीठ आंबते, फळ सडते, पाला कुजतो. दुभत्या जनावराला भिजवून घालायच्या कोंड्या-ढेपेला मराठीत आंबोण म्हणतात. त्या शब्दात आंबण्याचा धागा सरळ ऐकू येतो. उलट मोहाची फुले पाण्यात घालून दारूसाठी ठेवली, की त्याला आमच्याकडे सडवा म्हणतात. पोलिसांनी अमुक इतका मोहसडवा नष्ट केला, अशा बातम्या इथला वाचक रोजच वाचतो.

पशुखाद्याच्या दृष्टीने पाहिले, तर आंबवण्यातून तीन निरनिराळी कामे होतात. ती एकमेकांत मिसळली, की फसगत होते.

पहिले काम टिकवण्याचे. मुरघास हे त्याचे उदाहरण. हिरवा मका किंवा संकरित नेपियर कापून, दाबून, हवाबंद केला, की त्यातल्या शर्करेचे लॅक्टिक आम्ल होते आणि आम्लता वाढल्याने कुजवणारे जीव थांबतात. चारा महिनोन्‌महिने टिकतो. प्रथिने मात्र वाढत नाहीत. त्यांचा काही भाग साध्या रूपात मोडतोच. मुरघासाने हिरव्या चाऱ्याचा हंगाम लांबवता येतो, त्याहून अधिक अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

दुसरे काम दाट करण्याचे. १०० किलो तांदळात ७५ किलोंहून अधिक स्टार्च आणि ७-८ किलो प्रथिने असतात. इथेनॉलच्या कारखान्यात यीस्ट तो स्टार्च खाते. त्याचे निम्मे मद्यार्क होते आणि जवळजवळ निम्मा कर्बवायू होऊन हवेत जातो. वाळवल्यावर उरतो तो २० किलोंच्या आसपास चोथा. ती ७-८ किलो प्रथिने आता या २० किलोंत आहेत. म्हणून तांदळाच्या या चोथ्यात, ज्याला व्यापारात डीडीजीएस म्हणतात, प्रथिनांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात जाते. सोयाबीनच्या ढेपेच्या तोडीचे. बिअरच्या चोथ्याचेही असेच, फक्त त्यात पाऊण हिस्सा पाणी असते आणि उन्हाळ्यात तो दोन-तीन दिवसांत खराब होतो. त्यामुळे कारखान्यापासून फार लांब तो जात नाही.

तिसरे काम घडवण्याचे, म्हणजे नत्राच्या साध्या रूपापासून खरोखर नवे प्रथिन तयार करण्याचे. हे सर्वांत अवघड, आणि जाहिरात सर्वांत जास्त याचीच होते. कोंड्यात गूळ आणि यीस्ट मिसळून दोन दिवस आंबवले, की प्रथिने वाढतात असे सांगितले जाते. त्यातले गणित तपासून पाहावे. १०० किलो खाद्यात ८ किलो प्रथिने होती. आंबताना २० किलो भाग कर्बवायू होऊन उडाला. उरलेल्या ८० किलोंत प्रथिने तीच ८ किलो, पण टक्केवारी ८ वरून १० झाली. कागदावर सुधारणा दिसते. गायीच्या वाट्याला मात्र एक ग्रॅमही जास्त आलेला नाही. उलट २० किलो ऊर्जा हवेत गेली. बाहेरून नत्र घातला नसेल, तर आंबवण्याने प्रथिनांचे वजन वाढू शकत नाही. रुची वाढेल, पचन थोडे सुधारेल, भिजवलेल्या आंबोणाचा जो फायदा आपल्या आज्या जाणत होत्या तो मिळेल. म्हणून कोणतेही नवे खाद्य पुढे आले, की टक्के विचारण्याआधी दिवसाला किती ग्रॅम, हे विचारावे.

आपल्या हाती काय लागते

नागभीड तालुका धानाचा. एचएमटी हे नाव महाराष्ट्रभर ज्या बारीक तांदळाने नेले, तो याच तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या बांधीतल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून तयार केला. शेजारच्या सिंदेवाहीला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. दाण्यावर इथे पुष्कळ काम झाले, शेतकऱ्याकडूनही आणि विद्यापीठाकडूनही. दाण्याच्या जवळजवळ वजनाइतके काड मागे राहते, त्याच्याकडे तेवढे लक्ष गेले नाही.

दाण्याबरोबर आणखी एक गोष्ट जाते. १०० किलो धान भरडले, की ६-८ किलो कोंडा निघतो. त्यात १२-१४ टक्के प्रथिने आणि भरपूर तेल. पण शेतकऱ्याने धान विकले, की कोंडाही विकला गेला. तो राइस मिलमधून तेल काढणाऱ्या कारखान्याकडे जातो आणि तेल निघाल्यावर पोत्यात भरून पशुखाद्य म्हणून परत येतो, विकत. घरी खाण्यापुरते धान गावच्या लहान गिरणीवर भरडले, तर कोंडा मिळतो. पण त्यात तूस मिसळलेले असते आणि तेलामुळे तो थोड्याच दिवसांत खवट होतो.

मोहाचेही पाहू. वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा, प्रथिने थोडी. दारू निघाल्यावर जो चोथा उरतो, त्यात शर्करा गेल्याने प्रथिने दाट होतात, हे तत्त्व तांदळासारखेच. पण गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ अशी होती. बंदी असो वा नसो, हातभट्टीचा चोथा चोरून टाकला जातो. त्यात उरलेला मद्यार्क किती, आम्लता किती, भांडे कोणते, काहीच माहीत नसते. तो खाऊन झिंगलेली, पोट बिघडलेली जनावरे मी तपासली आहेत. मोहाच्या बियांच्या ढेपेतही प्रथिने आहेत, पण सॅपोनिनमुळे ती कडू आणि जास्त प्रमाणात घातक. म्हणून ती खत म्हणून किंवा मासे मारायला वापरतात. मोहफुलांवर कायदेशीर, स्वच्छ प्रक्रिया करणारे उद्योग या भागात उभे राहिले, तर त्यांचा चोथा तपासून गोठ्यापर्यंत आणता येईल. आज तो भरवशाचा नाही.

डीडीजीएस हा बाजारात उपलब्ध असलेला सर्वांत मोठा नवा स्रोत. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे धोरण वेगात आले आणि धान्यापासून इथेनॉल बनवणारे कारखाने वाढले, तसा हा चोथा स्वस्त झाला. पण त्याचा परिणाम एकाच दिशेने झाला नाही. स्वस्त चोथा आल्याने सोयाबीनच्या ढेपेची मागणी घटली, आणि सोयाबीनचे भाव हमीभावाखाली राहण्यामागे जी कारणे सांगितली गेली, त्यांत हे एक होते. चिमूर-वरोऱ्याकडच्या सोयाबीनवाल्याचे नुकसान आणि नागभीडच्या गायवाल्याचा फायदा एकाच पोत्यातून निघतो. शिवाय हा चोथा नीट वाळलेला नसेल, तर त्याला बुरशी येते. धान्यात आधीच असलेले अफ्लाटॉक्सिन हे विष आंबवताना नष्ट होत नाही. प्रथिनांप्रमाणे तेही दाट होते. गायीने ते खाल्ले, की त्याचे एक रूप दुधात उतरते. म्हणून पशुखाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ ची मर्यादा किलोला २० मायक्रोग्रॅम आणि दुधात एम-१ ची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम ठेवलेली आहे. पोते विकणाऱ्याकडे तपासणीचा दाखला मागणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. तो बजावणारे गिऱ्हाईक मात्र क्वचित दिसते.

तणसाकडे परत

या सगळ्यानंतर शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालकीचे, विकत न घेतलेले, दरवर्षी खात्रीने मिळणारे असे एकच उरते, ते तणस. आणि त्याच्यावर करता येणारी प्रक्रिया जुनी आहे. १०० किलो तणसाला ४ किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडायचा, तुडवून दाबायचे, वरून प्लास्टिकने घट्ट झाकायचे. काडावरच्या सूक्ष्मजीवांतले विकर युरियाचे अमोनियात रूपांतर करते. अमोनिया काडात मुरतो, त्याचे वेष्टण सैल करतो आणि नत्राचा काही भाग त्यात अडकून राहतो. तीन आठवड्यांनी, थंडी जास्त असेल तर चार आठवड्यांनी, ढीग उघडायचा. कच्च्या प्रथिनांचे प्रमाण साडेतीन टक्क्यांवरून साडेसातच्या आसपास जाते. म्हणजे ७ टक्क्यांचा तो उंबरठा ओलांडला जातो.

आता हिशेब ग्रॅममध्ये मांडू. ३०० किलो वजनाची, दिवसाला ५ लिटर दूध देणारी गाय धरली, तर शरीर राखायला सुमारे पाव किलो आणि दुधासाठी सुमारे ४५० ग्रॅम, अशी ७०० ग्रॅम कच्ची प्रथिने तिला रोज लागतात. ६ किलो साध्या तणसातून २१० ग्रॅम मिळतात. दीड किलो सरकी ढेपेतून ३३० ग्रॅम. बेरीज ५४०, तूट १६०. तेच तणस प्रक्रिया केलेले असेल, तर त्यातून ४५० ग्रॅम, ढेपेचे ३३०, एकूण ७८०. तूट भरली. हा अमोनियाचा नत्र कोटीपोटात कामी यावा म्हणून सोबत थोडा भरडा किंवा कोंडा लागतो. आणि लाखोळीचे कुटार, जे उतेऱ्याच्या पिकातून घरचेच असते, त्याची भर पडली तर उत्तम. १०० किलो तणसाला लागणारा ४ किलो युरिया ४५ किलोंच्या २६६ रुपयांच्या पोत्यातला. म्हणजे जेमतेम २४ रुपये.

या पद्धतीचा दोषही ग्रॅममध्येच दिसतो. ४ किलो युरियातल्या नत्रापासून सुमारे साडेअकरा किलो कच्ची प्रथिने मोजता येतील. काडात वाढतात ४ किलो. दोन-तृतीयांश अमोनिया उघडल्यावर उडून जातो. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत हा उडणारा अमोनिया पकडण्यासाठी प्रक्रिया केलेल्या काडावर कोप्रायनस जातीची बुरशी वाढवण्याचे प्रयोग झाले. ती ‘कर्नाल पद्धत’ म्हणून ओळखली जाते. अमोनियाचे खरे बुरशी-प्रथिन होई, पण बुरशी वाढताना काडातली ऊर्जा खाई आणि एकूण वजन घटे. गोठ्यापर्यंत ती पोचली नाही. प्रथिन घडवण्याचे काम शेवटी कोटीपोटानेच स्वस्तात केले.

मग युरियाची साधी प्रक्रिया तरी घरोघर का दिसत नाही? १९८० च्या दशकापासून ती सांगितली जात आहे. मी स्वतः कितीतरी गावांत ती करून दाखवली. करून दाखवताना गाव जमते, पुढच्या वर्षी ढीग दिसत नाही. त्याची कारणे अज्ञानात नाहीत. मळणी आणि पुंजणे रचण्याच्या दिवसांत घरात हात रिकामे नसतात. कुंडातले पाणी बायका डोक्यावरून आणतात. क्विंटलमागे ५० लिटर म्हणजे तीन-चार हंडे. आणि मुख्य म्हणजे दीड लिटर दूध देणाऱ्या गायीसाठी एवढे कोण करील? दूध घेणारी गाडी गावात रोज येत असेल, तर शेतकरी दुसऱ्या वर्षी आपणहून ढीग लावतो, असा माझा अनुभव आहे. चाऱ्याच्या शास्त्राआधी दुधाचा रस्ता लागतो.

ज्यांना करून पाहायचे आहे, त्यांच्यासाठी सावधगिरीच्या गोष्टी सांगणे माझे काम आहे. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी कधीही लागता कामा नये. ते विषच आहे. सहा महिन्यांखालच्या वासराला, घोड्याला, डुकराला हे तणस घालू नये. रोज लागेल तेवढेच काढून, काही तास मोकळ्या हवेत पसरून, वास उतरल्यावर द्यावे. पहिले आठ-दहा दिवस साध्या तणसात मिसळून, हळूहळू प्रमाण वाढवत. काळा-पांढरा बुरशीचा थर दिसला, तर तो भाग खतात टाकावा.

ज्या घरात एकच गाय आहे, त्याने सगळ्या तणसाचा विचार करू नये. भारी धानाची मळणी उरकली, की डिसेंबरच्या अखेरीस ३ क्विंटलचा एक ढीग लावावा. १२ किलो युरिया, दीडशे लिटर पाणी, एक ताडपत्री आणि दोन माणसांची एक सकाळ. दिवसाला ६ किलोंप्रमाणे तो ५० दिवस पुरतो. जानेवारीच्या शेवटी उघडला, तर मार्चच्या मध्यापर्यंत, म्हणजे रानातले गवत पूर्ण वाळलेले असते आणि मोह वेचायला माणसे भल्या पहाटे जंगलात शिरू लागतात त्या दिवसांपर्यंत, गाय गोठ्यात बांधून पोसता येते. त्या दिवसांत ढोरांमागे रानात जाणारा एक माणूस जरी कमी झाला, तरी त्या १२ किलो युरियाची किंमत दुधाच्या हिशेबाबाहेरच वसूल झाली.